सुतळीनं मोजलेली छाती

"सदरा काढ. आणि तिथेच उभा राहा, जवळ येऊ नकोस," मुनशी म्हणाला. माझ्यापुढं मातीत त्यानं सुतळीचा तुकडा फेकला. "उचल. छातीभोवती गुंडाळ, टोकं मिळतील तिथं गाठ मार, आणि खाली टाक."

निजामाचं राज्य होतं. नांदेडला नदीकाठच्या मैदानात फौजेची भरती चालू होती. मी नायगावाकडच्या खेड्यातनं दीड दिवस चालत आलो होतो. सकाळी वाळूची गोणी खांद्यावर घेऊन चार फेऱ्या पळायचं होतं. निम्मी पोरं तिथंच गळाली. मी पहिला आलो. भरती घेणाऱ्या जमादारानं पाठीवर थाप मारली, "शाब्बास रे!" म्हणाला. तेव्हा त्याला माझी जात ठाऊक नव्हती. मुनशीनं नाव लिहून घेताना विचारली, मी सांगितली.

मुनशी मराठी बोलणारा, शहरातला. बाकीच्यांना त्यानं स्वतःच्या हातानं मोजायची फीत लावली. मला सुतळी.

मला फौज पाहिजे होती, कारण गाव सोडायचं होतं. बाप मेल्यावर गावची येसकरकी माझ्यावर येऊन पडली होती. पाटलाचे निरोप घेऊन पळायचं, अंमलदाराच्या घोड्यापुढं धावायचं, सांजच्याला दारोदार भाकर मागायची. फौजेत नाव लागलं असतं तर सुटलो असतो.

मी गाठ मारून सुतळी टाकली. मुनशीनं ती काडीनं सरळ केली आन् वरून फीत धरली, न टेकवता.

"छाती भरत नाही. चल."

मी बाजूला झालो. काहीच वाटलं नाही.

माझ्यामागं एका पाटलाचा पोरगा होता. दौडीत फरफटत आलेला. मुनशीनं त्याला फीत लावली. "श्वास ओढ. अजून ओढ. हां, भरली."

श्वास भरून मोजतात व्हय! मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तर भीतीनं श्वास सोडून, आवळून गाठ मारली होती. नीट बसावी म्हणून.

मी परत फिरलो.

"मला परत मोजा. हात लावून मोजा."

मुनशी जमादाराकडं वळला. "साब, ये महार है. इसकू छूना हमारे में नहीं चलता."

जमादारानं मला वरखाली बघितलं. दौड त्याला याद होती. तरी तो म्हणाला, "तबेले में आ जा. लीद उठाने का काम है. रोटी मिलेगी."

खोटं कशाला बोलू, हो म्हणावं वाटलं. गाव तर सुटत होतं. पण तोंडातनं निघालं, "न्हाई साब. बंदूक द्या, न्हाईतर जातो."

लोक लई हसले. एका शिपायानं मानगूट धरून बाहेर काढलं. त्याला मात्र हात चालला.

घरी आय म्हणाली, "न्हाई घेतलं? असू दे लेकरा. पाटलानं सांगावा धाडलाय. उद्यापासून येसकरकीला जा."

"न्हाई जात."

"आरं, भाकर बंद करतील. खायाचं काय?"

"करू दे."

आय डोक्याला हात लावून रडली. मला तिची कीव येत होती, पण डोळ्यात पाणी येत नव्हतं. छाती माझी कमी नव्हती, एवढंच डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी भाकर बंद झाली. आठव्या दिवशी पाटील आमच्या वस्तीच्या तोंडाशी आला. घोडीवरूनच ओरडला, "कामावर येतोस, का गाव सोडतोस?"

गाव मलाच सोडायचं होतं, पण त्याच्या हुकमानं नाही. मी म्हणालो, "येत बी न्हाई, आन् सोडत बी न्हाई."