हात लावलेलं प्यादं

"हात मागं. तू नुसतं घर सांग. हलवायला माझा भाचा आहे."

भोरच्या वाचनालयाच्या ओट्यावर वकीलसाहेबांनी मला हे बुद्धिबळाच्या पहिल्याच खेळीला सांगितलं. मी हात मांडीखाली घेतले. त्यांचा नेहमीचा गडी आला नव्हता, म्हणून पासलीच्या बौद्धवाडीतला मी त्यांना खेळायला चालणार होतो.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. वाचनालयातल्या गुरुजींनी बुद्धिबळाचं पुस्तक माझ्या नावावर दिलं होतं. घरी सारवलेल्या जमिनीवर मी कोळशानं चौसष्ट घरं आखली. हिरडे ही प्यादी, कारवीच्या काड्यांचे तुकडे मोठी मोहरी. एकटाच दोन्हीकडून खेळायचो. एक नियम तोंडपाठ झाला होता: ज्या मोहऱ्याला हात लावाल, ते चालवलंच पाहिजे. हात कुणी लावायचा नाही, हे त्या पुस्तकात कुठंच नव्हतं.

दीड तास मी घरं सांगितली. भाचा मुद्दाम मोहरं भलतीकडं ठेवायचा. ओट्यावरचे हसायचे.

"घर चुकलं," मी म्हणायचो.

"मग नीट बोल. तुमची डोंगरातली भाषा इथं कुणाला कळते?" भाचा म्हणायचा.

माझा घोडा असा गेला. हत्ती गेला. तरी त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडला. एक प्यादं पुढं सरकलं की मात. प्याद्यानं मात होणं म्हणजे भोरात वर्षभर हसं. मी घर सांगितलं. भाच्यानं दुसरंच प्यादं उचललं.

मी मांडीखालून हात काढला. त्याच्या हातातलं प्यादं घेऊन जागेवर ठेवलं. माझं पुढं सरकवलं.

"मात."

वकीलसाहेबांनी मोहऱ्यांची लाकडी पेटी माझ्या भुवईवर हाणली. रक्त डोळ्यात उतरलं. फरशीवर टेकलेल्या हातावर भाच्यानं टाच मारली. करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"मोहरी बाटवलीस. आजोबांची मोहरी," वकीलसाहेब ओरडले.

गुरुजी दारात आले होते. त्यांनी खाली बघितलं आणि आत गेले.

पेटी पुन्हा वर गेली. मी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. नांगर धरलेला हात होता, सुटला नाही. त्यांचा हात वाकवत खाली आणला आणि राजाशेजारी दाबून धरला.

"वकीलसाहेब, राजाला घर असलं तर दाखवा."

ओट्यावर कुणी हसलं नाही. घर नव्हतंच.

घरी आईनं जखमेत हळद भरली. "कशाला हात लावलास रं? नुसतं सांगायचं व्हतंस."

"दीड तास सांगितलं, आये."

करंगळी वाकडीच जुळली. पुढं पदवी घेतली, मास्तर झालो. गुरुजींनी पुस्तक दिलं, ते उपकार मानतो. त्यांची खाली गेलेली मान विसरत नाही. दोन्ही खरं आहे.

वर्गात पट मांडतो तेव्हा पोरांना आधी मोहरं हातात घ्यायला लावतो. प्रत्येकाला. माझा हात पुन्हा मांडीखाली जाणार नाही. त्यांचाही जाऊ देणार नाही. कुणी पेटी उचललीच, तर ह्या वेळी पहिल्या घावाआधी मनगट धरीन.