वसतिगृहाच्या भिंतीचा पोपडा

भोवऱ्यानं दार उघडलं आणि मी बाहेरच थांबलो. आत आमची वसतिगृहातली खोली होती.

तोच राखट, पिवळट रंग. चारही भिंतींना. त्या रंगाला पाठ टेकून आम्ही चार वर्षं काढली होती. मी पाच तास बसनं प्रवास करून परक्या शहरात आलो होतो. 

"बूट बाहेर काढ, पंडित," तो म्हणाला. "काकूंनी आत्ताच जिना पुसलाय."

काकू म्हणजे घरमालकीण. भोवरा हे नाव वसतिगृहानं ठेवलेलं. हा पेपर लिहायला बसला की पाय हलायचा, आणि पुढच्या बाकावरच्याचं अक्षर बिघडायचं. मी साहित्य घेतलं, त्यानं रसायनशास्त्र. पदवीनंतर तो इथं रंगाच्या कारखान्यात लागला. काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक फरशीचा, पडद्याचा, कशाचाही तुकडा आणतं. त्या रंगाचा डबा करून द्यायचा. पांढऱ्यात थेंब टाकायचे, पट्टीवर ओढायचं, वाळू द्यायचं, पुन्हा बघायचं. ओला रंग खोटं बोलतो, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं.

बाकी फोनवर एकच रड असायची. "इथं लोक दार वाजवून आत येतात रे." मग थोडं थांबून, "म्हणजे, येतच नाहीत."

कामावरून तो रोज वेगळ्या रस्त्यानं घरी यायचा. एक रस्ता पाठ झाला की दुसरा. त्याची बॅग खाटेखाली होती. सहा महिन्यांत ती रिकामी केली नव्हती. लागेल तो कपडा काढायचा, धुऊन परत तिच्यात.

"हे कधी केलंस?" मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"गेल्या रविवारी. आठ लिटर लागला. कपाट एकट्यानं हलेना, त्याच्यामागचं राहिलं."

मग खिडकी ते दार अशा फेऱ्या मारत त्यानं सगळं सांगितलं. सहा महिने उमेदवारीचे. ते संपत आले की खात्याचे मास्तर नवशिक्याला सांगतात, बाहेरून तुला हवा तो तुकडा आण आणि जुळवून दाखव. जुळला तर कायम, नाही तर घरचा रस्ता. मास्तरांनी तीस वर्षं नुसत्या डोळ्यांनी रंग जुळवलेत. भोवऱ्याकडे तुकडा तयार होता. वसतिगृह सोडताना खाटेमागच्या भिंतीचा पोपडा त्यानं काडेपेटीत घालून आणला होता.

तीन दिवसांत रंग जुळला. केसाचाही फरक नाही. त्या भरात खोली रंगवून टाकली. सोमवारी पट्टी आणि पोपडा मास्तरांपुढे ठेवला.

"त्यांनी पट्टीकडे बघितलंही नाही. कापूस ओला केला आणि पोपड्यावरून एकदा फिरवला."

त्यानं काडेपेटी माझ्या हातात दिली. अर्धा पोपडा ओळखीचा, राखट पिवळा. अर्धा स्वच्छ, फिका निळा.

मी बघतच राहिलो. चार वर्षं आम्ही निळ्या भिंतीला टेकून बसलो होतो.

"काय म्हणाले?"

"मळ छान जुळवलास बाळा, म्हणाले. डोळा आहे तुला. आता रंग जुळव. दुसरा तुकडा आण, आठवड्याची मुदत."

"म्हणजे उद्या."

"हो. तुझी बस पाचची ना? माझंही तिकीट काढलंय."

 तेवढ्यात दार उघडलं आणि काकू आत आल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"लोक जुनी भिंत नवी करतात. तू नवी होती ती जुनी केलीस?"

"काकू, मी आज जातोय."

"जा की. आधी होती तशी करून दे आणि जा."

"आधीचा रंग कुठला होता?" सहा महिने इथं राहून त्यानं भिंतीकडे धड बघितलंच नव्हतं.

"बारा वर्षं झाली लावून. मला काय विचारतोस? त्या कपाटामागे बघ, तिथं तुझा हात पोचलेला नाही."

मी एका बाजूनं धरलं, तो दुसऱ्या. काकू "फरशी, फरशी" म्हणत राहिल्या. मागे जळमटं होती, आणि धुळीनं काळपटलेला भिंतीचा एक चौकोन. भोवरा उकिडवा बसला. रुमाल ओला करून त्यानं आधी ती जागा पुसली. एकदा, मग पुन्हा. खालचा रंग धड हिरवा नव्हता, धड पांढरा नव्हता.

"चाकू द्या काकू."

"आता भिंत सोलणार का?"

तरी त्यांनी आणून दिला.

साडेचारला मी बूट घातले. तो खिडकीत उभा होता. तळहातावर पोपडा, पाय हलतोय. "पिवळा एकच थेंब," तो स्वतःशीच म्हणाला. "काळा नकोच." तिकिटाचं मी विचारलं नाही. बसमध्ये शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी संध्याकाळी आला.

"भिंत वाळायची वाट बघत होतो," तो म्हणाला.

"मास्तर?"

"काल संध्याकाळी कापूस ओला केला. पोपड्यावरून फिरवला. काही निघालं नाही. मग पट्टी बघितली. खूप वेळ बघितली."

"आणि?"

"उद्यापासून सातला ये म्हणाले. नवशिके आठला येतात."

"आणि बॅग?"

 त्याच्या मागे काकूंचा आवाज आला. भिंतीला रंगाचा दुसरा हात कधी देणार, विचारत होत्या. दार वाजलेलं मी ऐकलं नव्हतं.