वहीतलं टाइट

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, पण एका इंग्रजी शब्दावर त्यांची सगळी नोकरी चालली होती. तो शब्द म्हणजे टाइट. लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला ते एकोणिसाव्या वर्षी लागले, तेव्हा उस्तादांनी पाना हातात देऊन पहिलाच प्रश्न विचारला होता, "टाइट झाला का?" आणि उत्तर देता येईपर्यंत जेवायला सोडलं नव्हतं. तेव्हापासून तेहतीस वर्षं झाली. बोल्ट टाइट, दोर टाइट, दाराची पट्टी टाइट. दर महिन्याला प्रत्येक इमारतीच्या वहीत तारीख टाकायची, पुढे 'सर्व टाइट' लिहायचं आणि खाली सही ठोकायची. त्यांचं अक्षर किरटं होतं, पण तेवढे दोन शब्द छापल्यासारखे यायचे.

त्यांचा जोडीदार बारा वर्षांपासूनचा. त्याला सगळे मुनी म्हणत, कारण तो दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा. जेवलास का विचारलं तर "हो", काय खाल्लं विचारलं तर "जेवण". दोघांची वाटणी ठरलेली होती. मुनी वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, मिस्त्री खाली, लिफ्टच्या तळच्या खड्ड्यात. ब्रेकच्या नटला मात्र दोघं बरोबर असल्याशिवाय पाना लावायचा नाही, असा नियम होता. काम आटोपलं की मिस्त्री जिने चढून वर जायचे, सगळ्यावरून एकदा हात फिरवायचे आणि मगच वही उघडायचे. पण गेल्या वर्षभरात गुडघे कुरकुरायला लागले होते. वर जाणं कधी व्हायचं, कधी फोनवरच भागायचं.

त्या मंगळवारीही फोनवरच भागलं.

सात मजल्यांची इमारत, पाचव्या मजल्यावर हाडांचा दवाखाना. मुनीला दुपारी डोळ्याच्या ऑपरेशनला जायचं होतं, म्हणून सकाळी आठलाच कामाला लागले होते. साडेदहाला मिस्त्रींनी खड्ड्यातून फोन लावला.

"साहेबांचा फोन होता. बाराला शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचायचंय म्हणे. तुलाही निघायचंय. वर ब्रेकचं कसं आहे?"

फोनमध्ये खरखर झाली. मग मुनीचा आवाज आला, "टाइट."

"बरं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी खड्ड्यातून बाहेर येऊन हात पुसले, वॉचमनच्या टेबलावरची वही ओढली, 'सर्व टाइट' लिहिलं, सही केली आणि बस पकडली. मुनी मागच्या जिन्याने उतरून परस्पर डोळ्यांच्या दवाखान्यात गेला.

दुसरं काम कापडाच्या गोदामात होतं. मालाची लिफ्ट, साधं काम. मिस्त्री दाराचं कुलूप उघडून बसले होते तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती घरी कपडे आल्टर करून द्यायची. मशीन खिडकीपाशी, आणि त्या खिडकीतून अर्ध्या गल्लीशी गप्पा.

"अहो, येताना पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणा चार. ती कोटवाली परत आलीये. म्हणते टाइट आहे."

"मग चांगलंच आहे की," मिस्त्री सवयीने म्हणाले.

"काय चांगलं? अहो, टाइट आहे म्हणजे होत नाहीये तिला! हात वर केला की काखेत काचतो. सगळं उसवायचंय आता. तुमचं लक्ष कुठे आहे?"

लक्ष पान्यावर होतं, पण आता पाना हातातच राहिला. बायको आणखी काही बोलली, ते त्यांच्या कानावर पडलं आणि निघून गेलं. फोन ठेवला तरी ते तसेच बसून राहिले.

टाइट आहे म्हणजे काचतंय. टाइट आहे म्हणजे सैल करा.

ब्रेकचं काम सोपं असतं. लिफ्ट थांबली की दोन पट्टे मशीनच्या चाकाला दोन्हीकडून घट्ट धरतात. लिफ्ट निघाली की सोडतात. धरलं नाही तर लिफ्ट घसरेल. पण स्प्रिंग जास्त आवळलेली असेल तर पट्टे पुरते सुटत नाहीत, चाकाला घासत राहतात. घासले की तापतात, तापले की झिजतात, आणि मग एक दिवस धरायच्या वेळीच धरत नाहीत. मुनी म्हणाला होता टाइट. बरोबर आवळलंय, या अर्थाने? की जास्त आवळलंय, वर येऊन बघ, या अर्थाने? की आपण बाराची घाई सांगितली, तर वेळ टाइट आहे, असं तो म्हणाला? एका शब्दाला तीन फाटे फुटले आणि तिन्ही खरे वाटायला लागले.

मिस्त्रींनी मुनीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेला माणूस काय फोन उचलणार! त्यांनी गोदामाच्या लिफ्टचे दोन स्क्रू काढले, लावले, पुन्हा तेच काढले. पाणी प्यायले. उठून दारापर्यंत गेले, परत आले. शेवटी न राहवून त्यांनी इमारतीच्या वॉचमनला फोन केला.

"लिफ्ट कशी चालतेय रे?"

"टाइट चाललीये, मिस्त्री!" वॉचमन खुशीत होता. "वरती गुडघ्यांचं मोफत शिबिर लागलंय. आठ माणसांची लिफ्ट, दहा घुसतात. मुंगी शिरायला जागा नाही."

"काही वास वगैरे?"

"वास कसला? औषधांचा येतो."

बंद कर म्हणावं असं ओठांवर आलं होतं. पण कशाच्या जोरावर? बायकोकडे एक टाइट कोट परत आला म्हणून? शिबिराच्या दिवशी लिफ्ट बंद केली आणि वर सगळं ठाकठीक निघालं, तर साहेब सगळ्यांसमोर पाणउतारा करणार. ते "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ते "बरं बरं" पुढे कितीतरी दिवस त्यांना टोचत राहिलं.

दहा मिनिटांनी ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावून गोदामाबाहेर पडले. मॅनेजर मागून ओरडत होता, "अहो, दार उघडं टाकून कुठे निघालात?" ते परत फिरले, दार लावलं, कुलूप घातलं, कुलूप ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं, आणि पळत सुटले.

बसमध्ये बसायला जागा होती तरी ते उभे राहिले. प्रत्येक सिग्नल त्यांच्याच जिवावर उठलेला. तिसऱ्या थांब्यावर धीर सुटला आणि त्यांनी पुन्हा वॉचमनला फोन लावला.

"ऐक. लिफ्ट बंद कर. आत्ताच्या आत्ता. खाली आली की माणसं उतरव आणि बटण बंद कर."

"का पण?"

"मी सांगतोय म्हणून."

"मिस्त्री, तुम्हीच सांगता होय!" वॉचमन म्हणाला. मागे पानं उलटल्याचा आवाज आला. "हे बघा, वही माझ्यासमोर आहे. आजची तारीख. सर्व टाइट. खाली तुमची सही. इथे वॉकरवाल्या म्हाताऱ्यांची रांग लागलीये, त्यांना मी काय सांगू? तोंडी बंद करायला सांगताय, उद्या डॉक्टरांनी मला धरलं तर? तुम्ही या आणि तुमच्या हाताने करा."

त्याचं चुकत नव्हतं. मिस्त्रींच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला होता, आणि तोच शब्द आता मिस्त्रींच्या आड आला होता.

थांबा यायच्या आधीच, सिग्नलला, ते उतरले. गुडघ्यांची आठवण न ठेवता धावले. लॉबीत गर्दी होती. लिफ्ट तिसऱ्यावर होती, खाली येत होती. आकडा बदलायला लागणारा वेळ त्यांना सहन होईना. दार उघडलं. नऊ माणसं बाहेर आली, त्यात दोन कुबड्या आणि एक व्हीलचेअर. मिस्त्री दारात आडवे उभे राहिले.

"कोणी आत जायचं नाही. लिफ्ट बंद."

"सकाळीच तर दुरुस्त केलीत ना?" वॉकर धरलेल्या एक आजी पुढे आल्या. "दीड महिन्याने नंबर लागलाय माझा."

"आजी, सकाळी मी नीट बघितलं नाही," मिस्त्री म्हणाले. तोंडातून निघून गेलं. वॉचमनने वहीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

त्यांनी स्वतःच्या हाताने बटण बंद केलं आणि ते जिन्याने वर गेले. चौथ्यावर धाप लागली, सहाव्यावर कठडा धरला. मशीनच्या खोलीचं दार उघडलं आणि वास आला. जळक्या रबरासारखा, तोंडात कडू उतरणारा. चाकापासून वीतभर अंतरावर हात नेला तर आच लागली. पट्ट्यांच्या कडेला काळी भुकटी साचली होती. डावीकडच्या नटवर मुनीने खडूने गोल काढला होता आणि बाजूला बाण, सैल करायच्या दिशेने. सकाळपासून तो बाण तिथे होता. कोणीतरी वर येऊन तो बघावा, एवढंच बाकी होतं.

मिस्त्री जमिनीवर बसले. मग उठून लिफ्टची वीज तोडली, चाक थंड व्हायची वाट बघत खोलीत फेऱ्या मारल्या, साहेबांना फोन करून पट्टे मागवले. साहेब वयाने त्यांच्या मुलीएवढे. आधी चिडले, मग ऐकून घेतलं, मग नुसतं "आलोच" म्हणाले. तोवर डॉक्टरच खाली उतरले होते आणि लॉबीत खुर्च्या मांडून गुडघे तपासत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री मुनीच्या घरी गेले. मुनी पलंगावर, एका डोळ्यावर पट्टी. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, वास, भुकटी, आजी, सही. मुनी ऐकत होता.

"तू म्हणालास टाइट," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"अरे, पण कुठलं टाइट? जास्त टाइट आहे असं म्हणायला काय तोंडाला कुलूप होतं?"

मुनी उशीला टेकून उठून बसला. मग त्या दिवसाचेच काय, पुढच्या दोन दिवसांचे शब्द एकदम बोलला. "मला वाटलं तू वर येशील. बारा वर्षं येत होतास. मी खूण केली, दहा मिनिटं थांबलो. मग वाटलं, तू जिना चढतोयस, दमला असशील. मी मागच्या जिन्याने गेलो. मलाही उशीर होत होता. माझंही चुकलंच."

मुनीच्या बायकोने चहा आणला, तो दोघांच्या हातात थंड झाला.

ऑफिसात साहेबांनी वही मागवली. मिस्त्रींनी 'सर्व टाइट' खोडलं नाही. खाली लिहिलं, 'वर न जाता सही केली. ब्रेक जास्त आवळलेला होता. पट्टे बदलले.' पुन्हा सही. साहेबांनी दोघांनाही महिनाभर तपासणीच्या कामावरून उतरवलं आणि ऑफिसच्याच गोदामात हत्यारं मांडायला बसवलं. मुलीने, ती शाळेत इंग्रजी शिकवायची, फोनवर समजूत काढली. "बाबा, त्या शब्दाचे अर्थच पंधरा-वीस आहेत. कंजूष माणूसही टाइट, जिवाभावाचे मित्रही टाइट, चुरशीची मॅचही टाइट. आणि छान झोप म्हणतात ना, तिथेही टाइट."

"झोप कशी टाइट असेल?"

"असते, इंग्रजीत."

"मग मला इंग्रजीतच झोपव," ते म्हणाले. मुलगी हसली. त्यांना हसू आलं नाही, कारण आठवडाभर झोप लागलीच नव्हती.

एका वहीतली एक सही खोटी निघाली, तर बाकीच्यांचं काय? गेल्या वर्षभरात ते किती ठिकाणी वर गेले नव्हते? आठवून आठवून त्यांनी एका कागदावर अकरा इमारती लिहिल्या. मुनीने पट्टी निघाल्यावर आणखी दोन घातल्या. साहेबांना तो कागद दाखवला. साहेबांनी कपाळावर हात मारला, पण किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

महिनाभर दर रविवारी ते निघायचे. बायको म्हणाली, "गुडघे संपतील तुमचे." मग दुसऱ्या रविवारी ती स्वतःच शिवणाची पिशवी घेऊन बरोबर आली. प्रत्येक इमारतीच्या लॉबीत ती बाकावर बसून कोणाच्या तरी बाहीची टीप उसवायची, आणि मिस्त्री वर जायचे. मुनी आधीच पोचलेला असायचा. तोही आता पूर्ण वाक्यं बोलायचा, प्रत्येक वाक्याआधी दम घेऊन, जणू जिना चढतोय. "उजवा पट्टा बरोबर आहे. डावा जरा घासतोय. अर्धा फेरा सैल केला. आता घासत नाही." मिस्त्री प्रत्येक वाक्याला हात लावून बघायचे आणि मग लिहायचे.

तेरापैकी अकरा ठिकाणी सगळं ठीक निघालं. एका ठिकाणी दाराची पट्टी ढिली होती. एका ठिकाणी, ग्रंथालयाच्या इमारतीत, दोराच्या बारीक तारांपैकी दोन तुटलेल्या दिसल्या. धोका लगेच नव्हता, पण तिथेही वहीत मिस्त्रींचंच सुबक अक्षर होतं. त्यांनी दोर बदलायला लावला, आणि बदलून होईपर्यंत चार तास तिथून हलले नाहीत.

शेवटची इमारत झाली त्या दिवशी ते खाली आले तेव्हा बायकोने दोरा तोडत विचारलं, "झालं ना आता? बसाल का जरा निवांत?"

ते बाकावर टेकले, मिनिटभर. मग पिशवी उघडून त्यांनी सगळे पाने एकदा मोजले.

"मागच्या महिन्यातल्या त्या दवाखान्याचं," ते म्हणाले, "नवे पट्टे बसून महिना झाला. जाता जाता बघून येतो. तू घरी हो पुढे."

"मी पण येते," ती म्हणाली आणि सुई पदराला न टोचता नीट डबीत ठेवून उठली.