एअर फ्रायरमधल्या चान्या

आईला अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले होते आणि इथलं काहीच तिच्या मनात भरलं नव्हतं. तिची तक्रार नव्हती. प्रत्येक गोष्टीला ती "छान हाय" म्हणायची, आणि ती असं म्हणते तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडे असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. हर्नडनमधलं आमचं टाउनहाऊस छान. समोरचं गवत छान. दुकानातल्या पिवळ्या ढोबळ्या मिरच्याही छान. शेवटी एका शनिवारी आम्ही तिला डोंगर दाखवायला घेऊन निघालो आणि वाटेत पेट्रोल भरायला थांबलो.

नवरा आत जाऊन जर्कीचं पाकीट घेऊन आला. लांबच्या ड्राइव्हला त्याला ते लागतंच. बीफच्या मसाला लावून वाळवलेल्या पट्ट्या, इथे शेंगदाण्यांसारख्या कुठेही मिळतात. त्यानं एक पट्टी तोंडात टाकली आणि सवयीनं पाकीट मागे धरलं. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मुलगी होती आणि तिच्या शेजारी आई. मुलीनं एक पट्टी उचलली. आईनं सगळं पाकीटच हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि एकदम ओरडली, "अगं माय! ह्या तर चान्या हायेत!"

मी वळून पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं. तिनं एक पट्टी दातानं तोडली, डोळे मिटून चावली आणि तोंड वाकडं केलं. "गोड केल्यात की मेल्यांनी. पण चान्याच."

चान्या हा शब्द मी ऐकलेला होता, वस्तू कधी पाहिली नव्हती. मराठवाड्यातल्या आमच्या गावी, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, मोठ्याचं, म्हणजे गाई-बैलाचं, मटण आलं की जे उरेल त्याच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, दोरीवर उन्हात वाळवायच्या आणि गाडग्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसायचं तेव्हा त्या निखाऱ्यावर भाजायच्या नाहीतर कालवणात टाकायच्या. हे मला आईनं त्या दिवशी गाडीत सांगितलं. मी चार वर्षांची असताना आम्ही गाव सोडलं. वडिलांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडरची नोकरी लागली, आणि ज्या घरमालकानं आधी आडनाव विचारलं आणि मग बराच विचार करून खोली दिली, त्याच्या अंगणात चान्या वाळत घालणं शक्यच नव्हतं. मोठ्याचं मटण तिथेही कधीमधी शिजायचं, पण खिडक्या लावून. आणि आम्हा भावंडांना शिकवून ठेवलं होतं की शेजारच्या काकूंनी विचारलं, आज काय केलंय, तर वांगं म्हणायचं. महिन्यातून दोन-तीनदा आमच्याकडे वांगं असायचं.

डोंगरावर पोचलो तेव्हा आईनं दरीकडे एकदा पाहिलं, "छान हाय" म्हणाली आणि लगेच मला विचारलं, "हितं चांगलं मटण कुठं मिळतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सुपरमार्केटच्या मांसाच्या काउंटरसमोर उभ्या होतो. पलीकडच्या माणसाला मी सांगितलं की जर्की करायची आहे. त्यानं एक तुकडा दाखवला. आईनं बोटानं नाही म्हटलं. दुसरा दाखवला, तरी नाही. मग तिनं स्वतःच्या मांडीच्या मागच्या बाजूवर थाप मारून दाखवली. तो माणूस हसला, आत गेला आणि मागच्या मांडीचा, चरबीचा पांढरा डागही नसलेला एक लांबट गोळा घेऊन आला. "हां," आई म्हणाली. "चरबी असली का खवट होतंय." हे मी त्याला इंग्रजीत सांगितलं, तर तो म्हणाला, तुझ्या आईला काम कळतं.

घरी आल्यावर तिनं विळी मागितली. विळी नव्हती. मग माझ्याकडची सगळ्यात पातळ सुरी घेतली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पोळपाट ठेवला आणि मांडी घालून बसली. माझी मुलगी समोर उकिडवी बसली. आईनं गोळ्याचे दोन भाग केले, एक बाजूला ठेवला, दुसऱ्याच्या एका बाजूनं अर्ध्या बोटाच्या जाडीवर सुरी घातली आणि पलीकडे पोचायच्या जरा आधी थांबली. गोळा फिरवला, उलट बाजूनं पुन्हा तशीच सुरी घातली. पुन्हा फिरवला. बघता बघता तो गोळा उलगडत गेला. शेवटी तिनं एक टोक धरून हात वर केला तर हातभर, दोन हात, तीन हात लांब एकच अखंड पट्टी, कुठे तुटलेली नाही, कुठे जाडबारीक नाही.

"Whoa," मुलगी म्हणाली. "Aaji, do it again!"

जिनं मला अक्षरं शिकवली, माझ्या फ्रॉकना बटणं लावली, अंगणवाडीत वीस वर्षं पोरांना गाणी म्हणायला लावली, तिच्या हातात हे होतं आणि मला चाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"माझ्या आईनं. मी हिच्याएवढी असताना. वस्तीतल्या बायका बोलवायच्या मला, हात हलका हाय म्हणून." हे सांगताना तिची मान जराशी ताठ झाली होती.

मीठ, हळद आणि तिच्या हट्टानं थोडं लाल तिखट. पुढचं काम माझं. मी इंटरनेटवर वाचलं होतं की घरी करताना मांस आधी आतपर्यंत नीट तापवावं लागतं, नुसतं कोमट हवेत वाळवून चालत नाही, आणि त्यासाठी थर्मामीटरही काढून ठेवला होता. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "ऊन काय थर्मामीटर लावून पडायचं का?" पण तिनं मला ते करू दिलं. मग एवढ्या कौतुकाची पट्टी एअर फ्रायरच्या भांड्यात मावेना, म्हणून तिचे वीतभर तुकडे करावे लागले. तेव्हा मात्र ती हळहळली. तुकडे एअर फ्रायरच्या जाळीवर पसरले आणि मी बटण दाबलं.

"खिडक्या लाव गं आधी," आई म्हणाली, आणि मी उठायच्या आत तिनंच स्वयंपाकघरातली लावली, मग हॉलमधली, मग मागच्या लाकडी डेकवर उघडणारं काचेचं सरकतं दार. जूनची दुपार होती, बाहेर लख्ख ऊन. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर तिनं लावल्यावर मीही खिडकीची कडी लागलीय ना हे हात लावून बघितलं.

तासाभरानं जळका वास आला. पट्ट्या वाळून हलक्या झाल्या होत्या, आतल्या पंख्यानं त्या उडवल्या आणि दोन-तीन थेट वरच्या तापलेल्या कॉइलला जाऊन चिकटल्या होत्या. भांडं ओढलं तर धुराचा लोट. आई खोकता खोकता हसायला लागली. "तुझ्या मशीनला जेवायची लै घाई दिसतेय!" घरभर धूर झाला. काचेचं दार सताड उघडण्यावाचून इलाज नव्हता. आम्ही तिघी डेकवर आलो.

शेजारच्या डेकवर शेजारचे आजोबा खुर्चीत बसले होते. रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर, मूळचे डोंगराकडचे. सहा वर्षांत आमचं बोलणं बर्फ आणि कचऱ्याच्या गाडीपलीकडे गेलेलं नव्हतं. ते उठून कठड्यापाशी आले आणि हवेत नाक वर करून त्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना, कसला वास येतोय?

आईनं माझी बाही घट्ट धरली. हळूच म्हणाली, "सांग, वांगं भाजायलोत म्हणून."

माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. मी इतकी वर्षं कोडिंग करते, घर घेतलंय, नागरिकत्वाची शपथ घेतलीय, आणि तरी इंग्रजीत वांग्याला काय म्हणतात एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. पण माझ्या मुलीला असलं काही कुणी शिकवलेलंच नव्हतं. ती कठड्याला लोंबकळून ओरडली, "We're making beef jerky! My Aaji is! But it got stuck to the heater!"

आजोबांचा चेहरा असा उजळला, की आईनं माझी बाही सोडली.

"एअर फ्रायरमध्ये?" त्यांनी विचारलं. "उडाली ना वर? माझीही उडाली होती पहिल्यांदा." आणि आम्ही काही बोलायच्या आत ते घरात गेले. परत आले ते एका हातात कबाबच्या बांबूच्या काड्या आणि दुसऱ्या हातात बरणी घेऊन. दर वर्षी शिकारीच्या दिवसांत ते हरणाची जर्की करतात, असं ते म्हणाले. युक्ती साधी होती. पट्ट्या जाळीवर पसरायच्याच नाहीत. काड्या भांड्याच्या काठावर आडव्या टाकायच्या आणि पट्ट्या त्यांवर लोंबत्या सोडायच्या.

मुलगी हे मराठीत सांगायला लागली, "आजी, ते stick वर hang करायचं..." पण आईला आधीच कळलं होतं. आजोबांनी हातानं करून दाखवलं आणि ती टाळी वाजवून म्हणाली, "दोरी! ही दोरीच की!"

मग तिनं मला खूण केली. मी समजले. उरलेला गोळा, पोळपाट आणि सुरी बाहेर आणली. आईनं डेकवर बसकण मारली आणि आजोबांसमोर पुन्हा ती पट्टी काढली. या वेळी तिला बघणारं कुणीतरी होतं, म्हणून असेल, पट्टी पहिल्यापेक्षाही लांब निघाली. ती उठून उभी राहिली आणि हात उंच धरला. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली. मी चाळीस वर्षं जर्की करतोय, ते म्हणाले, मांस फ्रीझरमध्ये ठेवून, कडक करून कापतो, तरी असं कधी जमलं नाही. तुमची आई हे कुठं शिकली?

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग की. आमच्या वस्तीत म्हणून सांग. समद्या बाया काढायच्या म्हण."

मी सांगितलं.

त्यांनी बरणी पुढे केली. आईनं हरणाची एक पट्टी चावून पाहिली आणि प्रामाणिकपणे तोंड वाकडं केलं. "ह्यांनी बी गोड केलंय."

"She says it's too sweet," मुलीनं लगेच भाषांतर केलं. मी तिला गप्प करेपर्यंत आजोबा गुडघ्यावर हात मारून हसायला लागले होते. मग आई हसली, मग मी. उन्हात उभ्या राहून आम्ही किती तरी वेळ हसत होतो, आणि मागे उघड्या दारातून धूर निवांत बाहेर जात होता.

दुसरा घाणा काड्यांवर टांगून झाला. गडद तांबड्या, वाकवल्या की चिरणाऱ्या पण न तुटणाऱ्या पट्ट्या. आईनं एक गॅसच्या आचेवर क्षणभर धरली, कडेनं बुडबुडे आले तशी काढली आणि माझ्या तोंडात दिली. आधी मीठ लागलं, मग तिखट, मग चावता चावता बऱ्याच वेळानं एक खोल, धुरकट चव आली. माझ्या जिभेला ती ओळखीची नव्हती, पण नवीनही वाटली नाही. नवऱ्यानं उभ्या उभ्या सहा खाल्ल्या.

पुढच्या रविवारी माझी पुण्याची मैत्रीण आली. आमची मैत्री जुनी आहे, ती शाकाहारी आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरात काय काय शिजतं याविषयी आम्ही दोघी कधी बोललेलो नव्हतो. चान्यांची बरणी टेबलावरच होती. मी ती उचलून कपाटात ठेवावी की नको या विचारात होते, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "काकू, हे काय? चिंच आहे का?"

आई चहा गाळत होती. तिनं मान वर केली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "चान्या हायेत बाई. मोठ्याच्या. आमच्यात करतेत. तू खात नसशील, तुला चिवडा देते."

मैत्रीण म्हणाली, "हो काकू, मी नाही खात. पण एवढ्या पातळ कशा केल्यात?" आणि आईनं तिला बसवून घेतलं, चिवड्याची बशी पुढे ठेवली आणि सुरी कुठल्या बाजूनं घालायची हे टेबलावरच्या पावावर सुरी फिरवून दाखवलं. मैत्रीण चिवडा खात खात मन लावून ऐकत होती. मध्येच तिनं दोन प्रश्नही विचारले. चहा गार झाला म्हणून मी दुसरा टाकला.

ती गेल्यावर आईनं मूठभर चान्या पाण्यात भिजत घातल्या. लसूण ठेचला, कांदा चिरला, आणि माझ्याकडे महिनाभर पडून असलेलं ज्वारीचं पीठ काढलं. पहिली भाकरी तुटली, दुसरी टम्म फुगली. फोडणीत चान्या पडल्या तसा वास जिन्यावरून वर गेला आणि मुलगी धावत खाली आली. आम्ही चौघं जमिनीवरच बसलो. आईनं भाकरी मोडून माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "खा. आन् सांग, मीठ बरोबर हाय का?"

"जरा कमी आहे," मी म्हणाले.

"मला बी वाटलंच," ती म्हणाली आणि मीठ आणायला उठली.