बदामात फिरणारे साहेब

कापूस धड होत नव्हता आणि झाला त्याला भाव नव्हता, त्या वर्षांत आमच्याकडची लग्नं घरच्या मांडवातून उठली आणि साहेबांच्या मांडवात जाऊन बसली. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या सामूहिक विवाह सोहळ्यात एका बाजूला मंगलाष्टकं, दुसऱ्या बाजूला त्रिशरण-पंचशील आणि मधोमध साहेबांचं भाषण. नवरदेव घामानं निथळून गेले, नवऱ्या उभ्या उभ्या पेंगायला लागल्या, पण भाषण काही हटेना. शूटिंगचं काम दिग्रसच्या आमच्या स्टुडिओकडे होतं. मी तिथं मिक्सिंग करायची, म्हणजे कॅसेट कम्प्युटरवर उतरवायची, कापायची, जोडायची, गाणी टाकायची आणि सीडी करून द्यायची.

साहेबांच्या माणसानं एकच अट घातली होती. प्रत्येक जोडपं दिसायच्या वेळी पडद्यावर साहेबांचा फोटो आला पाहिजे, आणि नुसता नाही, लाल बदामात गोल गोल फिरत आला पाहिजे. आमच्या मालकाला यात फार मोठी कला दिसली. त्यानं वरून गुलाबाच्या पाकळ्या सुचवल्या.

पहिला बदाम फिरला. दुसरा अर्धा फिरला, पडद्यावर आडव्या रेघा आल्या, साहेबांची मिशी कपाळावर गेली आणि सगळं निळं झालं. कम्प्युटर बंद करून चालू केला, तर पुन्हा तेच. मिशी कपाळावर, पडदा निळा.

मालक म्हणाला, "साहेबांले कोणाची तरी नजर लागली." मी म्हटलं, "भाऊ, नजर साहेबांले लागली तर कम्प्युटर कायले मरून राह्यला?" त्यानं मला चहा आणायला पिटाळलं.

सीडीची वाट पाहणाऱ्यांत एक नवरी होती. बाजाराच्या दिवशी सासरहून बसनं यायची आणि दारातूनच विचारायची, "झालं का हो, ताई?" तिची माय लकव्यानं खाटेला खिळली होती, लग्नाला येऊ शकली नव्हती. "तिले एकडाव दाखवा लागते," एवढंच तिचं म्हणणं. मी दर वेळी पुढच्या बाजारचा वायदा करायची. दर वेळी ती मान डोलवून जायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग यवतमाळहून हार्डवेअरवाला आला. तो एसटीतून उतरला तोच म्हणत, "फॉरमॅट मारा लागते." मशीन न पाहता! फॉरमॅट मारला. निळं. मग त्यानं रॅम काढून शाळेतल्या खोडरबरानं घासली. निळं. मग म्हणाला ड्रायव्हर जुना आहे, म्हणजे चित्रं काढणाऱ्या कार्डाला कामाला लावणारा प्रोग्राम. नवा ड्रायव्हर टाकला, तर पहिला बदामही फिरेना. "आता व्यवस्थित झालं," असं म्हणून हा पठ्ठ्या शेवटची बस पकडायला निघून गेला. बाप्पा, काय आत्मविश्वास होता त्या माणसाचा!

शेवटी मीच कम्प्युटरचा डबा उघडला. स्टुडिओच्या मागे कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगामभर उडणारी रुई आमच्या डब्यात येऊन बसली होती, कार्डावरच्या पंख्याला तिनं नुसतं गुंडाळून टाकलं होतं. अख्खा जिल्हा कापूस झाला नाही म्हणून बोंबलत होता, आमच्या डब्यात मात्र बक्कळ झाला होता. ब्रशनं सगळं काढलं. पण पंखा गेलेलाच होता, एक गिरकी घ्यायचा आणि थांबायचा. कार्डाला बोट लावलं तर चटका बसला. साधे तुकडे जोडले की ते मुकाट्यानं चालायचं. फिरणारं काही आलं की तापून मरायचं.

मी मालकाला सांगितलं, "भाऊ, एक तर नवं कार्ड आणा, नाही तर बदाम काढा."

"कार्ड नागपूरहून आणा लागते, मले सवड नाही. आन् बदाम काढला तं साहेब काढल्यासारखं होते. उद्या ते आपला स्टुडिओ काढतील!"

पुढच्या बाजारी ती नवरी आली ती आत येऊन बसली. मायला दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. ती नुसती माझ्या पडद्याकडे पाहत राहिली. पडदा निळा होता.

माझं डोकंच फिरलं. मेले ते साहेब आणि मेल्या त्यांच्या पाकळ्या! मालक जेवायला गेला होता. तिच्या तुकड्यातून मी बदाम काढला, पाकळ्या काढल्या, साहेबच काढले. बदामाखाली ही उभी होती. सोहळ्याच्या समितीतल्या बाया रांगेतल्या पोरींना भराभर हळद फासत होत्या आणि ही कॅमेऱ्याकडे पाहून हसत होती. इतके दिवस मी तो तुकडा पाहत होते आणि मला हिचं तोंड एकदाही दिसलं नव्हतं. कम्प्युटरनं एका दमात सीडी काढून दिली.

मायच्या घरी शेजाऱ्यांकडून टीव्ही आणि प्लेयर आणला होता, तो चालवून द्यायला मीही तिच्यासोबत तिच्या माहेरी गेले. मायला उशीला टेकवून बसवलं. सीडी लावली. मग ती वाकड्या तोंडानं, तुटक तुटक म्हणाली, "कानामागं हळद लागली नाही हिच्या. मी असती तं लावली असती."

पोरगी मायच्या पायाशी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

जरा वेळानं मायनं विचारलं, "आन् साहेब कुठी हायेत?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. "त्यायच्यानं कम्प्युटर बंद पडते, माय."

"मग राहू दे," माय म्हणाली. "पुन्हा लाव."