विस्तवात गेलेला खुनी

सध्या मी एक रहस्यकादंबरी वाचतो आहे आणि ती वाचून संपण्याची काहीही शक्यता नाही.

वाशीमला एका रद्दीच्या दुकानात ती मला सापडली. इतकी जुनी, की दुसरी प्रत शोधूनही मिळायची नाही. बंद हवेली, आत सहा माणसं आणि मालकाचा खून! माझ्या मुलीनं, शिल्पानं, ती माझ्या आधी एका बैठकीत संपवली. (वाचनाचं वेड तिनं माझं घेतलं, अक्कल आईची.) मी शेवटच्या प्रकरणापाशी आलो आणि नेमके त्याच दिवशी मंगरूळपीरचे पाहुणे यायचे होते.

मुलगा शिल्पाला पाहून गेला होता. आता त्याचे वडील भगवानराव घरदार पाहून हो की नाही ते सांगणार होते. आमच्या रिसोडजवळच्या शेतात रोडग्यांच्या जेवणाचा बेत ठरला. सकाळीच बायकोनं, म्हणजे मंगलानं, मला दम भरला.

"आज पुस्तक दिसलं तं विस्तवात घालीन! मागच्या पाहुण्यांले काय म्हटलं होतं तुमी?"

मागचे पाहुणे अंगणात आले तेव्हा मी 'एवढं पान संपू द्या' म्हणालो होतो. (ते थांबले नाहीत.)

शिल्पा मात्र हळूच म्हणाली, "बाबा, मले पोरगा पसंत हाये. आजच्या दिवस पुस्तक हाती नोका घेऊ."

मी शब्द दिला. हातात घेणार नाही म्हणालो. शर्टाच्या आत ठेवणार नाही असं कुठं म्हणालो होतो?

रोडगे भाजणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम. बायकांनी कणकेचे गोळे परातीत रचून दिले आणि मंगला पाहुण्यांना विहीर दाखवायला घेऊन गेली. गोवऱ्या पेटल्या होत्या, निखाऱ्यांचा आर पडायचा होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पुस्तक काढलं! सहाही जण दिवाणखान्यात जमलेले. "खुनी याच खोलीत आहे," असं म्हणून गुप्तहेरानं बोट उचललं...

आणि माझ्या मागे कुणीतरी खाकरलं! मी पुस्तक शेजारच्या गोवऱ्यांच्या ढिगात खुपसलं.

भगवानराव एकटेच परतले होते. "आर कमी पडते, पाहुणे."

"पडू द्या. तुमी बसा ना!"

"कायले बसू? आमच्या घरी रोडगे मीच भाजतो!" असं म्हणत त्यांनी ढिगातून कवळाभर गोवऱ्या उचलल्या आणि विस्तवावर ठेवल्या. त्यांच्या मधोमध माझी कादंबरी!

बोलावं तर पोरीचं लग्न मोडतं, गप्प राहावं तर खुनी जळतो! (मी पोरीची बाजू घेतली. थोडा वेळ लागला, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)

भगवानरावांनी नाक वर केलं. "कागद जळून राह्यला का?"

"पेटवाले पेपर टाकला होता!"

मलपृष्ठ काळं पडत होतं. मला राहवेना. चिमटा घेऊन मी विस्तवात घुसलो.

"हे काय करून राह्यले?"

"रोडगे उलटवून राह्यलो!"

"अहो, पण रोडगे तं परातीतच हायेत!"

तेवढ्यात शिल्पा टोपली घेऊन आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, विस्तवाकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. "काकाजी, आई तुमाले चहा घ्याले बोलावते."

ते वळले. मी पुस्तक बाहेर ओढलं, तिनं त्यावर टोपली पालथी घातली. पण तेवढ्या वेळात मी पाहिलं होतं. पुढची पानं शाबूत होती आणि शेवटच्या प्रकरणाची राख झाली होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

भगवानरावांनी मागे वळून पाहिलं. बाप रडतो आहे, पोरगी खांद्यावर हात ठेवून उभी आहे! त्यांनी रुमालानं स्वतःचेही डोळे पुसले.

"आतापासूनच रडता का, इवाई? पोरीवर असा जीव असलेला बाप म्या पाह्यला नाही! वहिनी, साखर आना! सोयरीक पक्की!" (इवाई म्हणजे व्याही!)

पाहुणे गेल्यावर मी शिल्पाला गाठलं. "तुह्यं वाचून झालं ना ते? खुनी कोन?"

"मले शब्द देला होता तुमी. नाही सांगत जा!"

साखरपुडा झाला, हळद लागली, तरी ती सांगेना. पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता. मलाही खरोखर भरून आलं होतं. ती जाणार म्हणून, आणि उत्तर घेऊन जाणार म्हणून! मी गाडीच्या खिडकीत डोकं घातलं.

"शिल्पे, आता तं सांग. कोन?"

रडता रडता ती खुदकन हसली. "दिवाळीले माहेरी आली का सांगीन."

"पाहा!" भगवानराव मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले. "बापानं एका शब्दात पोरगी हसवली!"

दिवाळीला अजून अवकाश आहे. तोवर मी उरलेलं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो आहे. हवेलीत माणसं सहा आहेत आणि माझा संशय सात जणांवर आहे. सातवा म्हणजे गोवऱ्यांच्या ढिगात पुस्तक लपवणारा तो गाढव.