दुसऱ्या चक्कीचा लोड

अन्याय झाला तो आमच्या मोहल्ल्यातल्या पीठगिरणीवाल्या बाईंवर, आणि झाला तो लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात. त्यांचं काम वाढलं होतं, म्हणून मिरचीसाठी वेगळी चक्की घेऊन ठेवली होती. तिच्यासाठी जादा विजेचा लोड मागितला, तर वीज कचेरीने सांगितलं, "लोड नाही. सगळा दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांना." मग गहू आणि मिरची एकाच चक्कीत! मोहल्ला पोळी खाताना डोळे पुसायचा आणि गिऱ्हाइकं दुसरी गिरणी शोधू लागली.

मोहल्ल्याचा कार्यकर्ता म्हणून मी निषेधाचं पत्रक काढलं, पण बाईंचं नाव विचारलंच नाही. पत्रकात "पीडित लघुउद्योजक भगिनी" छापून मोकळा झालो. नाकातोंडाला पदर, भुवयांवर पीठ, आणि दळण चिमटीत चोळून बघायची सवय, एवढंच आठवतं. सभा मी त्यांच्याच दारात घेतली आणि लाउडस्पीकरही त्यांच्याच मीटरवर लावला. "बंधुभगिनींनो" म्हणालो आणि फ्यूज उडाला. चक्की थांबली. दळणाची रांग माझ्याकडे बघू लागली.

"काहून थांबले, भैया?" बाई म्हणाल्या. "बोला ना! मोहल्ल्यात आता तेवढंच चालू आहे."

फ्यूजला तार बांधता बांधता त्या पुढे म्हणाल्या, "फॅक्टरीला वीज द्या, मी कुठे नाही म्हणून राहिली? पण तोफेचे गोळे बनवणारे डब्यात पोळी तर माझ्याच पिठाची नेतात."

माझ्या चार पानी पत्रकात एवढी साधी गोष्ट नव्हती. या पत्रकात आहे. तुम्ही फॅक्टरीत जात असाल, तर उद्या ड्यूटी सुटल्यावर वीज कचेरीत या, आणि बाईंचा लोड मंजूर होईपर्यंत तिथून हलू नका.